भिंतीला भिंत, पण घड्याळात एक तास

मागच्या अंकात मी स्पेन-पोर्तुगालातल्या राहण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तुमचे प्रश्न आले आणि संपादकांनी ते सगळे एकगठ्ठा माझ्याकडे पाठवून दिले. आधीच सांगते, मी अभ्यासक-बिभ्यासक काही नाही, सांगलीची आहे, नवऱ्याच्या नोकरीपायी सात वर्षं माद्रिदला काढली आणि गेली चार वर्षं लिस्बनला आहोत. आणि एक तक्रार, बहुतेकांनी "तुमच्या तिकडे" असं लिहिलंय. तिकडे म्हणजे नक्की कुठे हो? हे दोन देश आहेत, एका वाड्याच्या वाटण्या झाल्यासारखे, मधली भिंत एकच पण जाणं-येणं बेताचं. पोर्तुगीजांची तर म्हणच आहे की स्पेनकडून ना चांगला वारा येतो ना चांगली सोयरीक. आणि माद्रिदमध्ये सात वर्षांत पोर्तुगालचा विषय मी मुख्यतः "तिकडे टॉवेल चांगले मिळतात" एवढ्यापुरताच ऐकला. तेव्हा उत्तरं देताना कुठलं कुठे ते सांगत जाईन, तुम्हीही लक्षात ठेवा.

प्रश्न : मुलगी माद्रिदला असते, आम्ही दोघं मे महिन्यात जातोय. तिथे रात्री दहाला जेवतात म्हणे, खरं का? आमचं आठला जेवण होऊन नऊला दिवे बंद असतात. (एक काका, नाशिक)

खरंय काका. आणि नऊला दिवे बंद करायचं म्हणाल तर जूनमध्ये माद्रिदला सूर्यच पावणेदहाला मावळतो, त्याला कोण सांगणार. आमच्या पहिल्याच महिन्यात संध्याकाळी साडेसहाला पोराला भूक लागली म्हणून एका हॉटेलात शिरलो, तर मालकाने आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही पहाटे चारला पिठलं-भाकरी मागितली. किचन चारला बंद झालेलं, आता साडेआठला उघडणार, तोवर ऑलिव्ह आणि बटाटा वेफर्स. दुपारचंही तसंच, दीड वाजता गेलात तर वेटर अजून टेबलावर चमचे मांडत असतो, खरी गर्दी अडीचला.

पण ह्यात एक गंमत आहे. १९४० साली तिथला हुकूमशहा फ्रँको, त्याच्या सरकारने स्पेनचं घड्याळ एक तास पुढे करून जर्मनीच्या वेळेला नेऊन लावलं, महायुद्ध संपलं, हिटलर गेला, फ्रँकोही गेला, घड्याळ काही कुणी मागे घेतलं नाही. नकाशात बघा, स्पेन हा इंग्लंडच्या खाली येतो, वेळ मात्र बर्लिनची. पोर्तुगालने पण १९९२ ला हा प्रयोग करून बघितला, हिवाळ्यात पोरं अंधारात शाळेला जायला लागली, मग १९९६ ला मुकाट्याने परत आले. त्यामुळे आता लिस्बनला लोक एक वाजता जेवतात आणि माद्रिदला दोन वाजता, पण सूर्याला विचाराल तर दोघंही एकाच वेळी ताटावर बसलेत. तेव्हा तुम्ही मनातल्या मनात एक तास वजा करत राहा, निम्मा धक्का कमी होईल.

उरलेल्या निम्म्यासाठी तोर्तिया. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट असतं, प्रत्येक बारच्या काउंटरवर काचेखाली ठेवलेलं, केव्हाही मिळतं. बार म्हणजे दचकू नका, तिथे सकाळी आज्ज्या कॉफी प्यायला येतात. फक्त तोर्तियात कांदा घालावा की नाही ह्या विषयावर मत देऊ नका, मिसळीत फरसाण की शेव ह्यापेक्षा जास्त भांडणं होतात.

प्रश्न : मास्टर्ससाठी स्पेनला चाललेय. सिनियर म्हणतात नावाचा घोळ होतो. काय घोळ? (विद्यार्थिनी, पुणे)

बाळा, बस, हे जरा सविस्तर सांगते. आपल्या नावात तीन शब्द, स्वतःचं, वडिलांचं (लग्नानंतर नवऱ्याचं) आणि आडनाव. स्पॅनिश माणसाच्या नावातही साधारण तीन शब्द, पण ते स्वतःचं नाव, मग वडिलांकडचं आडनाव, मग आईकडचं आडनाव. म्हणजे आकार तोच, माल वेगळा. फॉर्मवर तीन रकाने असतात आणि समोरचा माणूस तुझे तीन शब्द बघून खुश होऊन तीन रकान्यांत टाकून मोकळा होतो. मग तुझे वडील झाले तुझं पहिलं आडनाव, आणि लोक हाक पहिल्या आडनावाने मारतात.

माझं काय झालं ऐक. एका ऑफिसात पत्त्याची नोंद करायला गेले, मी आणि पोरगा, तेव्हा तो पाच वर्षांचा. माझ्या नावात मधे नवऱ्याचं नाव, पोराच्या नावात मधे बापाचं, म्हणजे तेच, आणि शेवटी दोघांचं आडनाव एकच. काउंटरवरच्या बाईंनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिलं आडनाव सेम, म्हणजे वडील एक. दुसरं आडनाव सेम, म्हणजे आई एक. चष्म्यावरून माझ्याकडे बघून अगदी प्रेमाने म्हणाल्या, भावाला घेऊन आलीस ते ठीक आहे, पण नोंदणीला आई लागेल, आईला घेऊन ये. मी चौतीस वर्षांची! मी म्हटलं मीच आई. मग त्यांनी नवऱ्याचे कागद मागितले. त्याच्या नावात मधे माझे सासरे, आडनाव तेच. म्हणजे आई एक पण वडील वेगळे, तर नवरा झाला आमचा सावत्र भाऊ. बाईंनी पेन खाली ठेवलं.

शेवटी जन्मदाखला, त्याचं भाषांतर, लग्नाचा दाखला असं सगळं घेऊन तिसऱ्या खेपेला काम झालं. त्यांना सगळ्यात जास्त नवल कशाचं वाटलं असेल तर लग्न झाल्यावर बाईचं नाव बदलतं ह्याचं, कारण स्पेनमध्ये बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. "म्हणजे आधीची तू कुठे गेलीस?" असं विचारलं त्यांनी, मला पटकन उत्तर सुचलं नाही.

तर तू काय कर, पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे तेवढंच पहिल्या आडनावात लिही, दुसऱ्याला रेघ मार, आणि तरीही यादीत नाव सापडलं नाही तर वडिलांच्या अक्षराखाली शोध. तिथेच असशील.

प्रश्न : आम्ही माळकरी. उपाशी राहू का? (एक ताई, पंढरपूर)

उपाशी नाही राहणार ताई पण वकिलासारखं बोलायला शिकावं लागेल. स्पेनमध्ये "मांस नको" म्हटलं की ते गाय-डुक्कर कापून आणलेलं नको एवढंच समजतात. ट्यूना हा मासा मांसात धरत नाहीत, आणि खामोन, म्हणजे ते मीठ लावून महिनोन्महिने सुकवलेलं डुकराचं तंगडं, त्याचे तुकडे तर कोथिंबीर भुरभुरल्यासारखे भुरभुरतात. साधं मिक्स सॅलड मागवलं तरी वर ट्यूना येतोच. साल्मोरेखो नावाचं टोमॅटोचं थंडगार दाट सार इतकं छान असतं, त्याच्यावर अंडं आणि खामोन. लिस्बनला काल्दु व्हेर्द म्हणून हिरव्या पाल्याचं बटाट्याचं सूप, बघून वाटतं वा आपलंच, आणि वर सॉसेजची एक चकती तरंगत असते, चंद्रासारखी. तेव्हा मांस नको, मासा नको, खामोन नको, अंडं नको असं एकेक नाव घेऊन म्हणायचं, आणि वर "चवीपुरतंपण नको".

सेव्हिलला पालक आणि काबुली चण्याची भाजी मिळते, जिरं घातलेली, ती खाताना मला खरंच घरची आठवण आली. तरी विचारून घ्या. आणि पोर्तुगालात बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज असं आणून ठेवतात ना, ते फुकट नसतं बरं का, खाल्लं की बिलात लागतं. नको असेल तर सरळ परत पाठवायचं, कुणी वाईट मानत नाही. न मागता न खाल्लेल्याचे पैसे लावले तर तक्रारवही मागा, प्रत्येक हॉटेल-दुकानात ती ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. मी एकदाच मागितली, वही यायच्या आत बिल दुरुस्त होऊन आलं.

प्रश्न : दुपारी सगळा देश झोपतो हे खरं का? (एक वाचक, पुणे)

पुण्यातून हा प्रश्न यावा? असो. माद्रिदच्या ऑफिसात कुणी झोपत नाही, छोट्या गावांत दुकानं दोन ते पाच बंद असतात, त्यातही लोक मुख्यतः जेवतात आणि जेवून झाल्यावर टेबलावरून उठत नाहीत. ह्या न उठण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, सोब्रेमेसा. आपल्याकडे खरकट्या हाताने गप्पा मारतो तेच, फक्त ते हात धुऊन.

प्रश्न : आम्ही वसईचे, घरात पोर्तुगीज शब्द भरपूर. तिकडे गेल्यावर भाषा जड जात नाही ना? (एक वाचक, वसई)

वाचायला नाही, ऐकायला जाते. पोर्तुगीज लोक स्वर खाऊन टाकतात, घाईत जेवल्यासारखे. पण दुकानाच्या पाट्या वाचत गेले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला सगळे नातेवाईक भेटले. बटाटा तर बटाटाच, "बताता" म्हणतात. पाव, साबण, चावी, काजू, अननस, फीत, लिलाव, मेस्त्री, नाताळ, घमेलं सगळे आपल्याकडे इथूनच आलेले. पगार हा शब्द तर बिलाखालीच छापलेला असतो, त्यांच्यात पगार म्हणजे पैसे देणं. इथे महिन्याच्या शेवटी आपण पगार घेतो आणि बाकीचा महिना पगार करतो, हिशेब बरोबर.

फसायला मात्र होतं. मी ऐटीत भाजीवालीकडे "कोव्ह" मागितली, आपला कोबी तिथूनच आलाय ना, तर तिने मला हातभर लांब हिरव्या पानांची जुडी दिली, अळूसारखी. गड्डा कोबीला रपोल्यु म्हणतात. गड्ड्याला नाव लावताना आपल्या लोकांनी काय बघितलं काय माहीत.

आणि स्पॅनिश येत असेल तर आणखीनच पंचाईत. लिस्बनला पोराच्या शाळेतून सामानाची यादी आली, पेन्सिल, शार्पनर, डिंक आणि एक "बोर्राशा". स्पॅनिशमध्ये हाच शब्द लिहिला की त्याचा अर्थ दारू प्यालेली बाई. मी नवऱ्याला म्हटलं, बाकीचं मी आणते, हे तू बघ. खोडरबर होतं. पोल्व्हो म्हणजे स्पॅनिशमध्ये धूळ आणि पोर्तुगीजमध्ये ऑक्टोपस, त्यामुळे मेनूकार्डावर मला पहिल्यांदा धुळीचा भात दिसला.

तुमच्या वसईबद्दल इथे फारशी कुणाला माहिती नसते, १७३९ ला चिमाजी आप्पांनी घेतली हे मीच सांगत फिरते. गोवा मात्र सगळ्यांना ठाऊक. २०१५ ते २०२४ इथे पंतप्रधान असलेले आंतोनियो कॉश्ता ह्यांचे वडील गोव्याच्या घराण्यातले, त्यांचं घरातलं नाव बाबुश. हे कळल्यावर माझ्या आईला एवढा आनंद झाला की तिने सांगलीच्या अख्ख्या भिशीत सांगितलं की लिस्बनचा पंतप्रधान आपल्याकडचा आहे आणि लेकीला काही अडचण येणार नाही. अडचण यायची तेवढी आलीच.

प्रश्न : टिप किती द्यायची? (एक वाचक, ठाणे)

सुट्टे ठेवा, एक-दोन युरो, नाही ठेवले तरी कुणी मागे धावत येत नाही. फक्त शब्द सांभाळा, स्पेनमध्ये प्रोपिना म्हणजे टिप आणि पोर्तुगालमध्ये प्रोपिना म्हणजे कॉलेजची फी. वेटरला विचारू नका किती देऊ.

प्रश्न : २०२५ ला तिकडे म्हणे अख्ख्या देशाची लाईट गेली होती. तुम्ही काय केलंत? (एक वहिनी, सोलापूर)

दोन देशांची गेली वहिनी, ह्या एकाच बाबतीत दोघं भाऊ एकत्र. २८ एप्रिल २०२५, सोमवार, स्पेनच्या घड्याळात बारा तेहेतीस आणि आमच्यात अकरा तेहेतीस. मी मटार सोलत बसले होते, फ्रीजचा आवाज थांबला. आधी मी सवयीने खिडकीतून समोरच्यांची गेली का बघितलं, तुम्ही पण हेच करता ना, समोरच्यांची पण गेली असेल तर बरं वाटतं. समोरचे पण खिडकीत. मग मोबाईलची रेंज पण गेली आणि बिल्डिंगमध्ये पळापळ सुरू. लिफ्ट बंद, मेट्रो बंद, सिग्नल बंद, दुकानात कार्ड चालेना. कुणी म्हणे सायबर हल्ला, कुणी म्हणे अख्ख्या युरोपची गेली.

मी तोवर बादल्या भरल्या होत्या. बाथरूममधली एक, स्वयंपाकघरातली दोन पातेली आणि कुकर. वरच्या मजल्यावरची बाई विचारायला आली तर मी पाणी भरतेय हे बघून म्हणाली, तुला कसं कळलं पाणी पण जाईल? अगं बाई, आमच्या लहानपणी लोडशेडिंगचं टाईमटेबल पेपरात छापून यायचं आणि गिरणी, मोटार, इस्त्री, गृहपाठ सगळं त्यावर बेतलेलं असायचं. काड्यापेटी कुठे आहे हे मला अंधारात कळतं. ती चाळीस वर्षांची होती आणि तिच्या घरात मेणबत्त्या होत्या त्या फक्त वासाच्या, लॅव्हेंडरच्या.

आमच्याकडे जुना गॅस, सिलिंडरवाला, आल्या दिवसापासून नवरा म्हणतोय बदलू. बाकी सगळ्यांकडे विजेच्या शेगड्या. पोराला शाळेतून चालत घेऊन आले आणि मोठ्या पातेल्यात मटार घालून मसालेभात टाकला, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींपासून सगळ्यांना वाटीवाटी दिला. आजी म्हणाल्या तिखट आहे, पण दोनदा घेतला. खाली कॉफीच्या दुकानात मालकाने सेलवरचा रेडिओ काढून काउंटरवर ठेवला होता आणि पंधरावीस माणसं त्याच्याभोवती मान खाली घालून उभी, मॅचची कॉमेंट्री ऐकायला आपल्याकडे उभी राहायची तशी. बिअर गरम होईल म्हणून तो स्वस्तात विकत होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सायबर हल्ल्याचं कुणाला काही राहिलं नव्हतं. पोरं रस्त्यावर खेळत होती. रात्री उशिरा लाईट आली आणि सगळ्या गल्लीतून एकदम "हेऽऽ" असा आवाज उठला, अगदी आपल्यासारखा, तेव्हा मला काय वाटलं ते लिहीत बसत नाही.

नवरा गॅस बदलायचं बोलत नाही आता.

प्रश्न : युरोपात थंडी भयंकर असते. पोर्तुगालला हिटर असतात ना? (एक काकू, नागपूर)

थंडी बाहेर नसते काकू, घरात असते. जानेवारीत लिस्बनला बाहेर छान ऊन, पंधरा अंश, लोक कॉफी पीत बसलेत, आणि घरात आलात की स्वेटर घालायचा. जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नसतं, भिंती ओल धरतात, कपाटामागे बुरशी येते, कपडे चार दिवस वाळत नाहीत. पोर्तुगीज माणूस ह्यावर "हिवाळा आहे" एवढंच म्हणतो. माद्रिदला बाहेर थंडी जास्त पण घर उबदार असायचं. तिकडे गावांकडे एक झकास प्रकार बघितला, गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत जाड कापड आणि खाली हिटर, पूर्वी तिथे निखारे ठेवायचे. सगळ्यांनी पाय आत घालून बसायचं आणि पत्ते खेळायचे. उठायचं कुणाला असतं मग, पाणी आणायला सगळ्यात धाकट्याला पाठवतात.

प्रश्न : तिकडे तुळस लावलीत का? (एक आजी, मिरज)

लावली आजी, थंडीत गेली, परत लावली. पण मजा सांगते, जूनमध्ये इथे संत आंतोनियोचा सण असतो, हे संत जन्माने लिस्बनचेच, १२ तारखेच्या रात्री गल्लोगल्ली सार्डिन मासे भाजतात, धूर एवढा की होळी वाटावी, आणि जो तो छोट्या कुंडीत तुळशीच्या जातीचं रोप घेऊन जातो, त्याला मांझरिकु म्हणतात. अगदी बारीक पानांचं, गोल चेंडूसारखं, वर कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. त्याला नाक लावून वास घ्यायचा नाही, रोप मरतं म्हणतात. हात फिरवायचा आणि हात हुंगायचा. मी नकळत हात फिरवून डोळ्यांना लावला, तर विकणारी म्हणाली, हां, हिला येतं. मांझरिकु आणि मंजिरी ह्यांचं नातं मी परस्पर लावून टाकलंय, भाषावाल्यांनी मला पत्रं पाठवू नयेत.

प्रश्न : लेकाकडे लिस्बनला चाललोय. येताना काय आणू, जाताना काय नेऊ? (एक काका-काकू, कोल्हापूर)

येताना सार्डिनचे डबे (खात असाल तर), आणि वाटेत स्पेन लागत असेल तर धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड, ला व्हेरा भागातली, त्यातली गोड प्रकारची घ्या, ती तिखट नसते पण वास असा की आमटीत चिमूटभर टाकली तर शेजारी विचारतात. टॉवेल पण आणा, स्पॅनिश लोक सांगत होते ते खोटं नाही.

जाताना डाळी-तांदूळ नेऊ नका, लिस्बनच्या मार्तिम मोनीझ भागात सगळं मिळतं, कढीपत्ता पण. कांदा-लसूण मसाला न्या, भडंग न्या. आणि काकू, जागा उरली तर पाच लिटरच्या कुकरची एक रिंग टाका बॅगेत, आमची मसालेभाताच्या दिवसापासून सैल झालीय आणि इथल्या कुकरची बसत नाही. लेकाकडे देऊन ठेवा, मी येऊन घेऊन जाईन.